कच्ची कबर, पक्की नोंद

शहर वाढू लागले की त्याची पहिली नजर मोकळ्या जागेवर जाते. तळी बुजतात, अमराया तुटतात, मैदानांवर फलक लागतात. मग एक दिवस कुणीतरी कब्रस्तानाच्या भिंतीकडे बोट दाखवून विचारतो, मेलेल्यांनी जिवंतांची जागा किती काळ अडवून ठेवायची? नागपुरात हा प्रश्न आता नवा राहिलेला नाही. तो विचारणारे सगळेच वाईट हेतूचे असतात असेही नाही. आपल्यातली शिकलेली मुलेदेखील घरात, खाजगीत हेच बोलतात. दहनाला एक ओटा पुरतो, दफनाला एकरांच्या एकर लागतात. तिथे शाळा का नको? दवाखाना का नको?

या प्रश्नावर आम्ही रागावणार नाही. राग आला की उत्तर टळते आणि प्रश्न तसाच राहतो. त्यापेक्षा त्याला इतिहासाच्या उजेडात नेऊन बघावे. त्यासाठी नागपूरइतके सोयीचे शहर दुसरे नाही, कारण या परिसराचा सर्वांत जुना इतिहास आपल्याला कळला आहे तो कबरींवरूनच.

जुनापाणीचे दगड

नागपूरहून काटोल रस्त्याने थोडे पुढे गेले की जुनापाणी लागते. तिथे मोठमोठ्या दगडांची वर्तुळे आहेत, सुमारे तीनशे. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने १८६७ साली त्यांतली काही उकरून पाहिली. पुढे बी. के. थापर यांनी १९६१-६२ मध्ये पुरातत्त्व खात्यातर्फे तिथे शास्त्रीय उत्खनन केले. टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड, भागीमोहारी या नागपूर जिल्ह्यातल्या ठिकाणीही अशीच वर्तुळे सापडली. डॉ. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती खणून अभ्यासली. ही सारी दफने आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात इथे राहणाऱ्या लोकांची.

या लोकांनी एक अक्षर लिहून ठेवलेले नाही. त्यांची भाषा कोणती, राजा होता की नव्हता, काहीच ठाऊक नाही. त्यांच्या घरांचे अवशेष थोडे. पण ते लोखंडाची कुऱ्हाड आणि छिन्नी घडवत, घोड्याला तांब्याचे दागिने चढवत, रंगीत दगडांचे मणी करत, हे आपल्याला माहीत आहे. कारण या वस्तू त्यांनी मेलेल्यांसोबत मातीत ठेवल्या. विदर्भाच्या लोखंडयुगाचा इतिहास कब्रस्तानाने जपला. त्या काळी कुणी 'जागा वाया गेली' म्हणून ही वर्तुळे मोडून टाकली असती, तर आपल्या इतिहासाचे हे प्रकरण कोरेच राहिले असते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. यातली बरीच वर्तुळे खडकाळ, मुरमाड उतारावर आहेत, जिथे पीक फारसे येत नाही. म्हणजे जागेचा विचार त्या लोकांनीही केलेला दिसतो. सुपीक जमीन जिवंतांना, खडकाळ माळ मृतांना. मात्र एवढे प्रचंड दगड ओढून आणणे हे गरिबाचे काम नव्हे. वर्तुळ सगळ्यांच्या वाट्याला आले असेल असे वाटत नाही. ज्यांना दगड मिळाला त्यांचा इतिहास झाला. बाकीचे मातीत मिसळून गेले. ही गोष्ट आपण पुढे पुन्हा विचारात घेऊ.

गोंड राजापासून ताजबागेपर्यंत

नागपूर शहर वसवले ते देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शाहने, १७०२ साली. औरंगजेबाच्या दरबारात त्याने इस्लाम स्वीकारला होता. मुलगा चांद सुलतान याने देवगडाहून राजधानी इथे आणली, तटबंदी बांधली, जुम्मा तलाव केला. तो १७३९ मध्ये वारला आणि पुढच्या भाऊबंदकीत भोसल्यांचा अंमल आला. सक्करदरा परिसरात या गोंड राजघराण्याच्या समाध्या आहेत. आज त्यांच्या अवतीभवती शहर दाटले आहे आणि 'ही कुणाची समाधी?' या प्रश्नाला रस्त्यावरच्या दहांतले नऊ जण उत्तर देऊ शकणार नाहीत. ज्याने शहर वसवले त्याच्या घराण्याची ही गत.

गोंड समाजात मृताला पुरण्याची रीत जुनीच. तेव्हा दफन ही काही आपण बाहेरून आणलेली गोष्ट नाही. जुनापाणीचे अनाम लोक, गोंड, लिंगायत, ख्रिस्ती, मुसलमान असे कितीतरी लोक या मातीत आपली माणसे ठेवत आले आहेत. 'दफन म्हणजे मुसलमान' हे समीकरण इतिहासाला मान्य नाही.

सीताबर्डीच्या टेकडीवर २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी भोसल्यांची फौज आणि इंग्रज यांच्यात लढाई झाली. तिथे इंग्रजांकडून पडलेल्यांच्या कबरी आहेत. त्याच किल्ल्यात 'नवगज अली बाबा' यांची नऊ वार लांबीची कबरही आहे. १८५७ च्या उठावात फाशी गेलेले नवाब कादर अली आणि त्यांचे आठ साथीदार यांची ती खूण, असे सांगितले जाते. नऊ माणसे म्हणून नऊ वार. कथेतला कोणता तपशील कागदावर टिकेल तो अभ्यासकांचा प्रश्न. पण ती कबर नसती तर ही कथाही उरली नसती.

इंग्रजांनी १८२१ मध्ये कामठीला छावणी वसवली. तिथल्या जुन्या कबरींवरचे लेख ऊन-पावसाने झिजत गेले. पण छावणीच्या पाद्र्याला प्रत्येक दफनाची नोंद वहीत करावी लागे आणि तिची नक्कल प्रांताच्या मुख्यालयाकडून लंडनला जाई. त्या वह्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. आपल्या खापरपणजोबाचा शोध घेणारा माणूस तिथे बसून नाव, वय, पलटण आणि तारीख काढू शकतो. दगड गेला तरी माणूस सापडतो.

आणि याच कामठीत २७ जानेवारी १८६१ रोजी जन्मलेल्या ताजुद्दीन बाबांचे काय सांगावे? १८९२ ते १९०८ ही सोळा वर्षे ते नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात होते. पुढे राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना सक्करदऱ्याच्या वाड्यात सन्मानाने ठेवून घेतले. १७ ऑगस्ट १९२५ रोजी बाबा गेले आणि उमरेड रस्त्यावर त्यांची मजार झाली. एका माणसाला लागते तेवढीच जागा. तिच्याभोवती फुलवाले, चादरवाले, मिठाईवाले, मुसाफिरखाने आणि अखेर ताजबाग नावाची अख्खी वस्ती उभी राहिली. उर्साला येणाऱ्यांत हिंदू किती आणि मुसलमान किती हे कुणी मोजत नाही. त्या जागेवर गोदाम असते तर शहराला अधिक उपयोग झाला असता, असे कोण म्हणेल?

स्मरणाला जागा लागते ती फक्त दफन करणाऱ्यांनाच, असेही नाही. जुलै २०२४ च्या आरंभी दीक्षाभूमीवर भूमिगत वाहनतळाच्या खोदकामाविरुद्ध हजारो लोक उतरले आणि शासनाला ते काम थांबवावे लागले. बौद्ध बांधवांत दहनाचाच रिवाज अधिक. तरीही वाहने ठेवण्याची सोय आणि बाबासाहेबांची स्मृती यांत काय मोठे, याचे उत्तर नागपूरकरांनी त्या दिवशी दिले.

मातीचा नियम

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग ठरले, कबरी राखाव्यात, पक्क्या कराव्यात, संगमरवर चढवावा. नाही. इथेच आपला धर्म आपल्याला थांबवतो.

कबर चुन्याने पक्की करू नये, तिच्यावर बांधकाम करू नये, तिच्यावर बसू नये, अशी पैगंबर मुहम्मद (स.) यांची मनाई सहीह मुस्लिममध्ये आलेली आहे. मात्र मदीनेच्या बकीअमध्ये हजरत उस्मान बिन मजऊन यांना दफन केले तेव्हा पैगंबरांनी स्वतः एक दगड उचलून त्यांच्या उशाशी ठेवला, ओळख राहावी म्हणून. एक साधा दगड. ओळखीला होकार आणि डौलाला नकार, हा त्याचा अर्थ.

उहुदच्या लढाईनंतर दोन-दोन, तीन-तीन शहीद एका कबरीत ठेवले गेले. मस्जिद-ए-नबवीची जागा घेतली तेव्हा तिथे खजुरीची झाडे, पडकी बांधकामे आणि जुन्या काळच्या मूर्तिपूजकांच्या कबरी होत्या. त्या कबरी हलवून मशीद उभी राहिली. हनफी फुकहांनी पुढे स्पष्टच लिहिले की मृतदेहाची माती होऊन गेली असेल, तर त्याच कबरीत दुसऱ्याला दफन करता येते. इमाम जैलई तर अशी जमीन कसता येते, तिच्यावर बांधता येते इथवर जातात. वक्फ केलेले कब्रस्तान मात्र वक्फच राहते, ते विकता येत नाही. पण त्यातल्या सात फूट जागेवर एका माणसाची कायमची मालकी शरीयतने मानलेली नाही.

म्हणजे इस्लामी कब्रस्तान ही मुळात फिरती जागा आहे. माणूस येतो, मातीत मिसळतो, दुसऱ्याला जागा देतो. तिला अडवून ठेवतो तो आपला संगमरवर.

एक ढोबळ हिशेब

नागपूर महानगराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे २४ लाख होती. त्यात मुसलमान सुमारे १२ टक्के, म्हणजे २ लाख ८८ हजारांच्या आसपास. दर हजारी वर्षाला सहा मृत्यू धरले तर सुमारे १,७०० दफने होतात. पायवाट धरून एका कबरीला ४० चौरस फूट जागा मोजू. लहान मुलांच्या कबरीला कमी लागते, ते सोडून देऊ. वर्षाला ६८ हजार चौरस फूट झाले, म्हणजे दीड एकराहून थोडे अधिक.

आता दोन वाटा आहेत. प्रत्येक कबर पक्की केली तर शंभर वर्षांत दीडशे एकरांहून अधिक जमीन कायमची अडकेल आणि त्यानंतरही मागणी थांबणार नाही. कबर कच्ची ठेवली आणि पंधरा वर्षांनी ती जागा पुन्हा वापरली, तर त्याच लोकसंख्येला सुमारे २४ एकर पिढ्यान्‌पिढ्या पुरतील. महापालिकेचे क्षेत्र २१७ चौरस किलोमीटर धरले तर हा शहराच्या दोन हजारांतला एक भागदेखील नाही. लोकसंख्या वाढली तर आकडा वाढेल, तरी प्रमाण हेच राहील. नागपूरच्या काळ्या मातीत पाणी धरून राहते, देह विरघळायला कदाचित अधिक वर्षे लागतील. पंधराच्या जागी वीस धरा, पंचवीस धरा. हिशेब फार बिघडत नाही. संगमरवर मात्र तो पार बिघडवतो.

जगात हेच चालले आहे. सिंगापूरने १९९८ पासून नव्या कबरीची मुदत पंधरा वर्षांवर आणली. मुदत संपली की मुसलमानांचे अवशेष काढून, अनेकांचे एकत्र, पुन्हा दफन केले जातात. जर्मनीत कबरीची मुदत ठरलेली असते. उलट कलकत्त्याचे साउथ पार्क स्ट्रीट कब्रस्तान पाहा. १७६७ साली सुरू झाले आणि एका पिढीत भरून गेले, कारण प्रत्येक साहेबाला शिखराएवढे स्मारक हवे होते. आज ते पाहण्याची जागा म्हणून सुंदर आहे, पण दफनासाठी कधीचेच संपले.

तेव्हा 'कब्रस्तान म्हणजे जमिनीचा अपव्यय' या आरोपाला आमचे उत्तर सरळ आहे. कच्च्या कबरींचे कब्रस्तान हा जमिनीचा अत्यंत काटकसरीचा वापर आहे. पक्क्या कबरींचे कब्रस्तान हा अपव्यय आहे, आणि तो सरकारपेक्षा अधिक आपल्याच गरिबांच्या मुळावर येतो. ऐपतदाराचा ओटा जिथे उभा राहतो तिथे उद्या हातमागावरच्या एखाद्या मोमिनाला जागा मिळायची असते. जुनापाणीला जे घडले तेच पुन्हा घडते. दगड असणाऱ्याची जागा राहते, नसणाऱ्याला ती शोधावी लागते.

दगड नाही तर पुरावा काय?

आता या विचाराची अवघड बाजू. कबर कच्ची ठेवली, पंधरा वर्षांनी तिथे दुसरा माणूस आला, तर पहिल्याचे नाव कुठे राहिले? आणि जागा कब्रस्तानच आहे हे उद्या सिद्ध कशाने करायचे?

हा प्रश्न आज पुस्तकी राहिलेला नाही. आपली बहुतेक कब्रस्ताने कुणी दस्तऐवज करून दिलेली नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या तिथे दफन होत गेले म्हणून ती कब्रस्ताने झाली. कायद्यात याला 'वापराने वक्फ' म्हणत. एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या वक्फ दुरुस्ती कायद्याने ही व्याख्याच काढून टाकली. आधी नोंदणी झालेल्या मालमत्ता वाचतात, पण वादातल्या आणि सरकारी म्हटलेल्या नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशात काही कलमांना स्थगिती दिली, या बदलाला मात्र दिली नाही. जून २०२५ मध्ये केंद्र सरकारने 'उमीद' पोर्टल सुरू केले आणि सगळा तपशील भरायला सहा महिन्यांची मुदत दिली. तेव्हा गावोगावचे मुतवल्ली कागद शोधत धावले. ज्यांच्याकडे कागद होता ते निभावले. ज्यांच्याकडे फक्त कबरी होत्या त्यांची झोप उडाली.

विदर्भाचा माणूस याबाबतीत तसा भाग्यवान आहे. आपण १९५६ पर्यंत मध्य प्रांतात होतो आणि तिथली महसुली पद्धत वेगळी होती. गावाच्या सामाईक हक्कांची नोंद निस्तारपत्रकात आणि वाजिब-उल-अर्जात होत असे. चराई, सरपण, पाणवठा, तसेच दफन-दहनाच्या जागा. महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेनेही या नोंदी विदर्भापुरत्या कायम ठेवल्या. शहरात नझूलचे नकाशे आहेत. हे कागद तहसील कार्यालयातून, भूमी अभिलेखातून काढता येतात. किती जमातींनी ते काढून आपल्या कपाटात ठेवले आहेत, हे प्रत्येकाने आपल्या जमातीत विचारावे.

पण जागेचा कागद म्हणजे अर्धेच काम. उरलेले अर्धे काम माणसांचे. कामठीच्या छावणीत एका साध्या शिपायाचे नाव, वय आणि मृत्यूची तारीख लिहिली गेली आणि ती दोनशे वर्षे टिकली. आपल्या कब्रस्तानात काय लिहिले जाते? अनेक ठिकाणी पावती फाटते आणि तिची स्थळप्रत दोन पावसाळ्यांत वाळवी खाते. बाईची नोंद असलीच तर 'अमक्याची बीवी', 'तमक्याची वालिदा'. आयुष्यभर विड्या वळून घर चालवणाऱ्या बाईचे स्वतःचे नाव मरणानंतरच्या शेवटच्या कागदावरही येत नाही. नाव, वडिलांचे आणि आईचे नाव, वय, धंदा, मोहल्ला, मृत्यूचे कारण, कबरीचा क्रमांक, तारीख. आठ रकाने. यापेक्षा काय अधिक लागते?

ही वही असली की तीन गोष्टी साधतात. जागेवर अखंड दफन होत आले याचा तारीखवार पुरावा उभा राहतो. कबर पुन्हा केव्हा उघडायची हे अंदाजाने ठरत नाही, वारसांशी वादही होत नाही. आणि मातीत मिसळलेला माणूस नावानिशी शिल्लक राहतो. हे काम संगमरवर करू शकत नाही. तो एकाचे नाव राखतो आणि शंभरांची जागा खातो.

कब्रस्तान नको म्हणणाऱ्यांना अखेरची आठवण २०२० ची द्यावी लागेल. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने कोरोनाने मेलेल्या प्रत्येकाचे, धर्म कोणताही असो, दहन करावे असा आदेश काढला आणि त्याच दिवशी तो मागे घेतला. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने सन्मानाने अंत्यसंस्कार होणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे असे मानून दफनाची मुभा कायम ठेवली. श्रीलंकेत मात्र फेब्रुवारी २०२१ पर्यंत सक्तीने दहन झाले. तिथल्या सरकारने त्याबद्दल २०२४ मध्ये माफी मागितली. पण जाळलेल्या मुलांच्या आईबापांना त्या माफीतून काय परत मिळाले? आपल्या माणसाला आपल्या रीतीने मातीत ठेवता येणे म्हणजे काय, हे त्या काळात सगळ्यांना कळले. शहराच्या दोन हजारांतला एक भाग ही त्यासाठी मोठी किंमत नाही.

मात्र ही किंमत मागताना आपले हात स्वच्छ हवेत. शबे बरातेला आपण कब्रस्तानात जातो, दिवे लावतो, फातिहा पढतो. येत्या शबे बरातेला प्रत्येक जमातीने दोन ठराव करावेत. आजपासून एकही नवी कबर पक्की होणार नाही, ऐपतदाराचीही नाही. आणि आजपासून एकही माणूस, एकही बाई, एकही तान्हे मूल नोंदीवाचून मातीत जाणार नाही. वहीला लागणारा खर्च संगमरवराच्या एका लादीहून कमी आहे, आणि जमातीत अक्षर चांगले असलेली एखादी मुलगी नक्कीच सापडेल.